वास येतोय का?

वांगी भाजायची असली की वामनराव सबनीस आधी दक्षच्या तोंडावर टोपी चढवत आणि मगच मंदाताई शेगडी पेटवत. टोपी म्हणजे आंघोळीच्या वेळी केस भिजू नयेत म्हणून हॉटेलात देतात ती, प्लॅस्टिकची, कडेला इलॅस्टिक असलेली. सांगलीत ज्या ज्या घरात भरीत आवडत होतं, त्या त्या घरात हल्ली ओट्याखाली अशी एखादी टोपी खिळ्याला लटकलेली असे. दक्ष म्हणजे गॅसची राखण करणारं यंत्र, आणि त्याचं नाक फार तिखट. वांग्याची साल करपायला लागली किंवा ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या, की त्याला वाटे घर पेटलं, आणि तो थेट सिलिंडरच बंद करून टाके. वांगं अर्धं कच्चं राही. मग कुणीतरी ही युक्ती काढली आणि ती घरोघर पसरली. शेजारचे गुळवणी तर हसून म्हणत, "आमची ही मला एवढी वर्षं घालत होती, आता यंत्राला घालते."

"वास येतोय का?" मंदाताईंनी विचारलं.

वामनराव स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली, नाक पुढे केलं.

"येतोय. खालची बाजू झाली. उलट."

मंदाताईंनी चिमट्यानं वांगं उलटलं.  पाठमोऱ्या उभ्या असतानाही त्यांचा कान आपल्याकडे लागलेला आहे, हे वामनरावांना कळत होतं. गेल्या गणपतीपासून हे असं चाललं होतं. मंदाताईंना वास येत नव्हता, आणि वामनराव त्यांचं नाक झाले होते.

दक्ष आला तेव्हा वामनरावांना मनापासून आनंद झाला होता. शाळेत त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. दर वर्षी नववीच्या वर्गात ते एक प्रश्न हमखास विचारत, "स्वयंपाकाच्या गॅसला वास कसला असतो?" मुलं नाकं मुरडून कुजक्या कोबीपासून सडक्या अंड्यापर्यंत सगळं सांगत. मग ते सांगत की त्या गॅसला स्वतःचा वासच नसतो. तो गळला तर माणसाला कळावं म्हणून कारखान्यात त्यात एक घाणेरड्या वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे साऱ्या देशाची स्वयंपाकघरं माणसाच्या नाकाच्या भरवशावर चालतात. आणि नाकाचा भरवसा तो किती? सर्दी झाली, संपलं. सारखा एकच वास येत राहिला तर ते थकतं आणि सांगायचं सोडून देतं.

दक्षला सर्दी होत नसे. आपल्या नाकात वास पकडणारी जी प्रथिनं असतात, तशीच प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवून शास्त्रज्ञांनी ती नखाएवढ्या चकतीवर पेरली होती. एक चिमुकला पंखा घरातली हवा त्या चकतीवर ओढून घेई. गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीलगत साचतो, म्हणून दक्षचं खोकं गुडघ्याच्या उंचीवर बसवलेलं असे. गळतीचा नुसता मागमूस लागला तरी तो सिलिंडरची झडप मिटवून ओरडायला लागे. शेगडीची कळ बंद केली की झडपही आपणहून मिटे. दक्ष आल्यापासून शहरात भाजण्याचे अपघात जवळजवळ थांबले. आणि निजण्याआधी वाकून रेग्युलेटर बंद करायची घरोघरची सवयही थांबली. कोण कशाला वाकेल?

मंदाताई मात्र वाकत. रोज एकदा, तिन्हीसांजेला. देवापाशी दिवा लावण्याआधी डावा हात रेग्युलेटरवर, मग उजव्या हातात काडेपेटी. ही त्यांच्या आईची शिस्त होती. दक्षनं झडप मिटलेली असली तरी त्या रेग्युलेटरची कळ फिरवून बघत. वामनराव त्यांची थट्टा करत. "अगं, तो आहे ना बघायला."

"तो असू दे. माझा हात काही झिजत नाही."

दक्षची दुसरी करामत मात्र वामनरावांच्या उशिरा लक्षात आली. तो घर शिकत असे. कुठल्या वेळी फोडणी पडते, तेल किती तापतं, हिंग किती, दूध कधी लागतं, असा घराचा सगळा परिपाठ तो वासावरून टिपून ठेवी. माणसाची सवय सहसा उगाच बदलत नाही. ती बदलली तर त्यामागे काही कारण असतं, आणि पुष्कळदा ते आजाराचं असतं. म्हणून परिपाठ ढळला की दक्षचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा आणि कुटुंबातल्या एका माणसाच्या फोनवर निरोप जायचा. सबनिसांच्या घरचा निरोप रेवतीला, त्यांच्या सुनेला जाई. ती एक मजला वर राहायची. त्यांचा मुलगा केदार बंगळूरला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. रेवती मिरजेला इस्पितळात रुग्णांना व्यायाम शिकवायची, आणि ती परत येईपर्यंत त्यांची चार वर्षांची ओजू आजीपाशी असे.

गणपतीच्या आरतीत मंदाताईंनी कापराच्या तबकावरून हात फिरवून डोळ्यांना लावला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. सगळे प्रसादाकडे वळल्यावर त्या वामनरावांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कापूर भेसळीचा आहे का हो? वासच नाही." त्या वेळी साऱ्या घरात कापराचा वास कोंदला होता.

त्या रात्री त्यांनी सांगितलं. कांदा, लसूण, अगरबत्ती, ओजूचं डोकं, कशाचाच वास येत नव्हता. आणि मग हळूच म्हणाल्या, "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वास गेला. मग चालणं बदललं. मग हात कापायला लागले. शेवटी तिला घास भरवावा लागायचा."

"कंपवात सगळ्यांनाच होतो असं नाही, मंदा."

"मला शिकवू नका. रेवतीला काही बोलायचं नाही. ती ओजूला उद्या पाळणाघरात टाकेल. मला शेगडीपाशी उभी करणार नाही. मग मी दिवसभर करू काय? भिंतीकडे बघू?"

वामनरावांनी शब्द दिला. तो द्यायला नको होता असं त्यांना त्याच क्षणी वाटलं होतं. पण वामनरावांना आयुष्यात जे जे वाटलं, त्यातलं फार थोडं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं होतं.

*

दिवाळीनंतर पहिला निरोप गेला. रेवती संध्याकाळी कामावरून आली ती हातात फोन घेऊनच.

"आई, तुमच्या दक्षनं चहाडी केलीय. ऐका." आणि तिनं निरोप लावला. दक्षचा आवाज शांत, बायकी, बँकेतल्यासारखा होता. "स्वयंपाकघराच्या नेहमीच्या परिपाठात बदल जाणवतो. हिंगाचं प्रमाण वाढलं आहे. फोडणी वरचेवर करपते. कृपया लक्ष द्यावे."

"आता हिंगाचीसुद्धा चौकशी!" मंदाताई हसल्या. हसणं जरा मोठं झालं. "त्याला म्हणावं, बाबा, ये आणि तूच कर आमटी."

रेवतीही हसली, पण तिची नजर सासूबाईंवरून हलली नाही. "खरंच वाढलाय का हिंग, बाबा?"

वामनरावांच्या समोर आमटीची वाटी होती. तिला उग्र, कडवट वास येत होता. गेले कित्येक दिवस ते ती मुकाट गिळत होते.

"मीच सांगितलं तिला," ते म्हणाले. "मलाच हल्ली जास्त लागतो. वाताला बरा असतो."

एवढं सफाईदार खोटं आपल्याला बोलता येतं, हे त्यांना नव्यानं कळलं. मंदाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेसाठी त्यांनी ती सारी आमटी पिऊन टाकली असती.

त्या दिवसापासून दक्षची टोपी फक्त वांग्यापुरती राहिली नाही. मंदाताई ओट्याशी उभ्या राहिल्या की ती चढायची आणि रेवतीची यायची वेळ झाली की उतरायची. टोपीखाली दक्षला घर अगदी शांत भासे. कुणी काही शिजवत नाही, कुठं काही जळत नाही, म्हणजे माणसं बाहेर गेली असतील, असं तो धरून चाले. दिवा पुन्हा हिरवा झाला. आणि टोपीखालचं नाक जे करू शकत नव्हतं ते वामनराव करू लागले. त्यांनी फिरायला जाणं सोडलं. वाचनालयात जायचे तेही मंदाताईंचा स्वयंपाक आटोपल्यावर. सकाळ-दुपार ते त्या खुर्चीवर बसून राहत. पुस्तक उघडं असे, पण पान उलटत नसे.

"वास येतोय का?"

"नाही. अजून नाही. हं, आता घाल मोहरी."

हेच एक संभाषण घरात उरलं होतं.

एकदा रविवारी सगळी सोसायटीच्या बागेत बसली होती. मंदाताई ओजूच्या मागे चालत होत्या. रेवती बराच वेळ बघत राहिली आणि मग सहज बोलावं तशी म्हणाली, "बाबा, आईंचा डावा हात चालताना हलत नाही. पाहिलंत? उजवा हलतो, डावा नुसता लटकतो."

वामनरावांनी पाहिलं. आणि एकदा पाहिल्यावर तो हात त्यांना इतर काही बघू देईना.

"खांदा धरलाय तिचा," ते म्हणाले.

"दाखवायला हवं. व्यायाम सांगते मी." ती त्यांच्याकडे वळली. "बाबा, काही असेल तर मला सांगाल ना?"

"काय असणार?" ते म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

त्याच आठवड्यात वाचनालयातल्या एका विज्ञान मासिकात त्यांना तो लेख सापडला. कंपवाताची सुरुवात मेंदूच्या ज्या भागात होते, त्यांपैकी एक वासाची पहिली दखल घेणारा भाग असतो. म्हणून कित्येकांचा वास आधी जातो आणि हात कापायला लागतात ते पुष्कळ वर्षांनी. हातापायांवर लक्षण उमटेपर्यंत निम्म्याहून अधिक पेशी मेलेल्या असतात. नव्या औषधानं उरलेल्या पेशी वाचवता येत होत्या. मेलेल्या परत येत नव्हत्या. म्हणजे औषध जितकं लवकर, तितकं बरं. त्यांनी तो लेख तिथंच उभ्यानं पुन्हा वाचला, मग मासिक जागेवर ठेवलं, पुन्हा काढलं.

रात्री त्यांनी विषय काढला. मंदाताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जूनमध्ये ओजूची शाळा सुरू होईल. मग ती दिवसभर शाळेत. मग मी तुमच्याबरोबर येते कुठं म्हणाल तिथं. तोवर नको."

"जूनपर्यंत म्हणजे… मंदा, रोज थोडं थोडं मरतंय गं आत."

"मग मला जिवंत असेपर्यंत जगू द्या की."

यावरचं उत्तर त्यांना सुचलं ते पहाटे, आणि तेव्हा ती झोपली होती.

*

तो दिवस शनिवारचा. दुपारी वामनरावांनी पुस्तकांचं कपाट झाडायला काढलं. धुळीनं शिंकांवर शिंका आल्या, नाक गळायला लागलं आणि थोड्याच वेळात गच्च बंद झालं. त्यांनी वरच्या ओठावर बाम चोळला, उपरणं गुंडाळलं आणि ते बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर पडले. बरं वाटत नाही हे त्यांनी मंदाताईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना शेगडीपासून दूर राहावं लागलं असतं, आणि ओजूच्या दुधाची वेळ झाली होती. एवढ्याशा दुधाला काय होतंय, असं त्यांना वाटलं.

मंदाताईंनी दूध मंद आचेवर ठेवलं. तेवढ्यात ओजू रिबिनींची गुंतवळ घेऊन आली. "आजी, माझी वेणी सुटली." आजी-नात आतल्या खोलीत गेल्या. एक वेणी घालायची ती दोन झाल्या, बाहुलीचीही झाली. इकडे दूध सावकाश वर आलं, उतू गेलं आणि बर्नरवर सांडलं. ज्योत विझली. बारीक केलेल्या शेगडीतून गॅस न फुसफुसता येत राहिला. ओट्यावरून तो खाली उतरला आणि फरशीवर पसरू लागला. संध्याकाळ झाली म्हणून डासांच्या भीतीनं मंदाताईंनी मघाशीच खिडक्या लावून घेतल्या होत्या. दक्षच्या तोंडावर सकाळच्या भरतापासून टोपी होती. टोपीखाली त्याचा हिरवा दिवा निवांत तेवत होता.

अंधारू लागलं. ओजूचं रोजचं एक काम ठरलेलं होतं. आजी देवापाशी दिवा लावायची तेव्हा ती वेताचा मोडा ओढत भिंतीशी न्यायची, त्यावर चढायची आणि बाहेरच्या खोलीतला दिवा लावायची. आजही मोड्याचा फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"आबा, लावू?"

"आजीला लावू दे आधी," ते डोळे मिटूनच म्हणाले.

स्वयंपाकघरातून मंदाताईंचा आवाज आला. देवघर तिथंच कोपऱ्यात होतं. काडेपेटी हलवल्याचा आवाजही त्यांनी ऐकला.

"अहो, वास येतोय का?"

"नाही गं," वामनराव म्हणाले.

रोजच्या सवयीनं निघून गेला तो शब्द. आणि तो खराही होता, त्यांना कसलाच वास येत नव्हता. त्यांनी नाक पुसायला रुमाल उचलला. रुमालाला बाम लागून तो चिकट झाला होता. ओठावर चुरचुरत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण वास?

बामाचासुद्धा वास येत नव्हता.

 पलीकडे मंदा काडी घेऊन उभी होती, इकडे ओजूचा हात बटणापाशी पोचत होता. कुणाकडे धावायचं? ते दोघींच्या मधोमध होते आणि खुर्चीतून अजून उठलेही नव्हते.

"थांबा!"

शाळेतल्या एवढ्या वर्षांत ज्या माणसानं कधी आवाज चढवला नव्हता, त्याची ती आरोळी होती. ओजू मोड्यावर दचकली, तिचा हात हवेत राहिला आणि तिनं भोकाड पसरलं.  

"मंदा, काडी ओढू नकोस! मला सर्दी झालीय. मला वास येत नाहीये!"

मग तिचा आवाज आला. तो खालून, जमिनीजवळून आल्यासारखा होता.

"अहो… रेग्युलेटर चालू आहे. आणि शेगडीची कळही. जाळ नाहीये."

ती वाकलेली होती. डावा हात रेग्युलेटरवर, उजव्या हातात काडेपेटी आणि न ओढलेली काडी.

"बंद कर. दोन्ही बंद कर. काडेपेटी खाली ठेवू नकोस, हातात धर. दिव्याचं बटण, पंख्याचं बटण, कशालाच हात लावू नकोस." बोलता बोलताच त्यांनी ओजूला मोड्यावरून उचललं. बटणात ठिणगी असते. प्रत्येक बटणात. हे त्यांनी मुलांना कितीदा सांगितलं होतं! आणि मग त्यांना फ्रिजची आठवण झाली. तो बंद होता, पण कोणत्याही क्षणी आपणहून सुरू होणार होता. आतली टकटक ऐकू यायच्या आधी ठिणगी पडणार होती. त्याचा प्लग ओढावा तर तिथंही ठिणगी.

तिन्हीसांजेला मंदाताई घराचं दार उघडं ठेवत, तसं ते आजही उघडं होतं. वामनरावांनी ओजूला बाहेर व्हरांड्यात नेऊन जिन्याच्या पायरीवर बसवलं. "इथून हलायचं नाही." त्याच वेळी लिफ्टचं दार उघडलं आणि रेवती बाहेर आली. तिनं एक श्वास घेतला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"गॅस!"

"खाली मीटरच्या खोलीत जा. आमच्या घराची वीज तोड. ओजूला घेऊन जा. जिन्यानं जा, धाव."

ती ओजूला कडेवर घेऊन धावत सुटली. वामनराव परत आत शिरले. मंदाताईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली होती, वामनरावांनी बाल्कनीचं दार उघडलं. फ्रिज गप्प होता. त्यांना वाटलं, आपण श्वास घेतला तरी तो जागा होईल. दोघं एकमेकांचा हात धरून बाहेर आली तेव्हा दारावरच्या घंटेचा तांबडा ठिपका विझलेला दिसला. रेवतीनं वीज तोडली होती. तेव्हा कुठं मंदाताईंनी मूठ उघडली. काडेपेटी चुरगळली होती.

मग वामनराव पुन्हा आत गेले, दक्षपुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्याची टोपी काढली. दक्षला बॅटरी होती आणि ठिणगी न पडण्याची सोय होती. त्यानं एक घोट हवा घेतली आणि सारी इमारत दणाणून सोडली.

*

रेवती परत वर आली तेव्हा शेजारीपाजारी गोळा झाले होते. दक्ष अजून ओरडत होता. तिनं आधी सासूबाईंना मिठी मारली, मग भिंतीला टेकून खाली बसली.

"बरं झालं दक्ष होता," ती म्हणाली. "नाहीतर आज… कसं झालं, आई?"

"दूध उतू गेलं," मंदाताई म्हणाल्या.

"त्यानं झडप मिटली असेल. म्हणून मी नेहमी म्हणते, तो आहे तोवर काळजी नाही."

वामनरावांचा हात सदऱ्याच्या खिशात होता. टोपीचं प्लॅस्टिक बोटांखाली चुरचुरत होतं. समोर वाट अगदी मोकळी होती. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं, आणि ते त्यांना जन्मभर जमलेलं होतं. मंदाताई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी किंचित मान हलवली. नाही.

वामनरावांना त्यांचा लटकता डावा हात दिसला. थोड्या वेळापूर्वी तोच हात रेग्युलेटरवर होता.

त्यांनी टोपी काढून रेवतीच्या मांडीवर ठेवली.

"दक्षनं काही केलं नाही. त्याच्या तोंडावर ही होती. मी घातली होती, रोज घालतो. गॅस तुझ्या सासूनं बंद केला, हातानं." ते म्हणाले. "तिला वास येत नाही, रेवती. गणपतीपासून येत नाही. तिच्या आईला कंपवात होता."

मंदाताई तोंड फिरवून पायऱ्या चढू लागल्या. वर रेवतीचंच घर आहे, हेही बहुधा त्यांच्या ध्यानात नव्हतं.

रेवतीनं टोपी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "ओजू इथं असायची, बाबा. रोज. तुम्ही मास्तर ना?"



*

मिरजेच्या डॉक्टरांनी मंदाताईंच्या नाकाखाली एकेक कुपी धरली. लवंग, कॉफी, संत्र्याची साल, कापूर. प्रत्येक वेळी त्या मान हलवत राहिल्या. मग मेंदूचं चित्र काढलं. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे. औषध लागू पडेल असं वाटतं. वास परत येईल असं मी म्हणणार नाही. हात टिकतील." मग त्यांनी विचारलं, "लक्षात कधी आलं होतं?" वामनराव म्हणाले, "गणपतीत." डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तेव्हाच आला असतात तर आणखी बरं झालं असतं. असो. आता औषध एक दिवसही चुकवायचं नाही."

ओजू पाळणाघरात जाऊ लागली. दक्षनं सिलिंडरला जोडकुलूप घातलं. आता झडप उघडायला दोघा मोठ्या माणसांचे अंगठे लागत. एकट्यानं शेगडी पेटत नसे. मंदाताई रोज सकाळी येऊन खोक्यासमोर अंगठा धरून उभ्या राहत. वामनराव शेजारी येऊन आपला अंगठा टेकवत. दक्ष म्हणे, "दोघे हजर." मंदाताई म्हणत काहीच नसत. जिन्यावरच्या त्या संध्याकाळपासून त्यांनी वामनरावांशी बोलणं सोडलं होतं. औषध मात्र त्या न विसरता घेत. गोळी घेतल्यावर पाण्याचा पेला जरा जास्त जोरात खाली ठेवत, एवढंच.

ओजू संध्याकाळी दिव्याच्या वेळेला येई. पहिल्या दिवशी ती मोडा न ओढता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि वाकून रेग्युलेटरला हात लावू लागली. आजीनं तिला थांबवलं, तिच्या इवल्या हातावर आपला हात ठेवला आणि कळ कोणत्या बाजूला फिरवायची ते दाखवलं. दारात रेवती उभी होती. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या घरात, तिन्हीसांजेला, रेवती आपल्या रेग्युलेटरपाशी वाकलेली वामनरावांनी पाहिली. त्यांना बघून ती जरा ओशाळली.

"हात काही झिजत नाही," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आमटी होती. दक्षच्या तोंडावर टोपी नव्हती. वामनराव खुर्चीवर पुस्तक घेऊन बसले होते, पण आता त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मोहरी तडतडली. मंदाताईंनी हिंगाची डबी उघडली आणि त्या तशाच थांबल्या.  मग हिंग पडला, कढीपत्ता पडला, वाफ उठली. त्यांनी वाटी भरून वामनरावांसमोर ठेवली.

"हिंग?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांनी आलेला तो पहिला शब्द होता. वामनरावांनी चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं. आधीच्या कुठल्याही दिवशी ते म्हणाले असते, छान झालीय.

"जास्त झालाय," ते म्हणाले. "फार जास्त. दिवाळीपासून जास्तच होतोय."

मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, जिन्यापासून पहिल्यांदाच.

"आणि तुम्ही रोज ती वाटी पुसून खात होता!"

"हो."

त्यांनी पळी उचलली आणि त्यांच्या वाटीत आणखी आमटी वाढली, काठोकाठ.

"मग आजची पण खा. उद्या डबी तुमच्या हातात."